जॅझ बेसमध्ये प्रीअँप बसवू की आधी पिकअप बदलू?

चारतारी
मंडळी, बेस गिटार चार तारांचा, चिनी बनावटीचा, जॅझ पद्धतीचा. पूर्ण पॅसिव्ह (आत बॅटरीवरचं सर्किट नाही): दोन सिंगल कॉइल पिकअप (तारेचं कंपन पकडणारे चुंबक आणि गुंडाळी), दोन व्हॉल्यूम, एक टोन. तारा निकेल राउंडवाउंड, ४५ ते १०५. ब्रिजकडचा पिकअप आधीच्या मालकानं बदललेला आहे, त्यावर नाव-गाव काही नाही. ऑर्केस्ट्रात वाजवून राहिलो, म्हणजे गणपती-नवरात्रात मंडळांचे कार्यक्रम आणि मधे मधे लग्नातलं संगीत.

तक्रार अशी की एकच पिकअप उघडा ठेवला तर आवाज भरदार, पण हमिंग भयंकर. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की हमिंग जवळजवळ जाते आणि सोबत खर्जही जातो. ट्रान्झिस्टर रेडिओवर बेस ऐकल्यासारखं वाटतं. अँपवर बास वाढवला तर स्पीकर फडफडतो, आवाज काही भरत नाही.

डोक्यात तीन गोष्टी आहेत. अग्विलार ओबीपी-३ किंवा बार्टोलिनीचा तीन बँडचा प्रीअँप (बेसच्या आत बसणारं, बॅटरीवर चालणारं बास-मिड-ट्रेबलचं सर्किट), नाहीतर डंकन किंवा डिमार्झिओचे दोन्ही पिकअप, नाहीतर सरळ ईएमजीचा अॅक्टिव्ह संच. पैसे एकदाच खर्च करायचे आहेत. आधी काय घेऊ?

सोल्डरगंध
भाऊ, काहीच मागवू नका अजून. "दोन्ही उघडले की हमिंग जाते आणि खर्जही जातो" या एका वाक्यात अर्धं निदान आहे.

दोन पिकअप एकत्र आले की दोन वेगळ्या गोष्टी घडतात. हमिंग फक्त गुंडाळी कोणत्या दिशेनं जोडलीय यावर ठरते. तारेचा आवाज गुंडाळी आणि चुंबक दोन्हींवर ठरतो. चांगल्या जोडीत एका पिकअपची गुंडाळी उलट असते आणि चुंबकही उलट. मग हमिंग एकमेकांना मारते आणि आवाज बेरजेत येतो. चुंबक दोन्हींचे सारखे आणि गुंडाळीही सारखी असेल तर आवाज भरदार, पण हमिंग तशीच. चुंबक वेगळे पण गुंडाळी सारखी, तर आवाज पातळ आणि हमिंगही तशीच, म्हणजे दोन्हीकडून मार. चौथा प्रकार तुमचा दिसतोय: चुंबक सारखे, एका पिकअपच्या वायरी उलट. हमिंग गेली आणि खर्जही घेऊन गेली.

(दोन्ही पूर्ण उघडल्यावर मधले स्वर थोडे दबणं जॅझ बेसचा स्वभावच आहे, त्याला दोष म्हणू नका. पण खालच्या ई तारेचा दमच निघून गेला तर फेज उलटा आहे, म्हणजे दोन्ही पिकअपचे आवाज एकमेकांना कापताहेत.)

प्रीअँप यावर काय करेल? जे एकमेकांत वजा होऊन गेलंय ते तो परत आणू शकत नाही. ४० हर्ट्झला १८ डेसिबल चढवून उरलेला चोथा मोठा करेल, इतकंच.

खात्री करायला दोन तपासण्या. पहिली फेजची. बेसमध्ये केबल लावा, दुसऱ्या टोकाच्या प्लगवर मल्टिमीटर, २० किलोओहमच्या रेंजवर. फक्त नेकचा व्हॉल्यूम पूर्ण, ब्रिजचा शून्य. आकडा स्थिर झाला की स्टीलचा स्क्रूड्रायव्हर पोल पीसवर (पिकअपमधल्या, तारांखालच्या दांड्यांवर) टेकवा आणि झटकन उचला. उचलतानाच्या क्षणी आकडा वर उडतो की खाली, तेवढं लिहून ठेवा. मीटरच्या पिना न बदलता ब्रिजवरही तसंच करा. दिशा सारखी तर फेज बरोबर, उलट तर फेज उलटा.

दुसरी चुंबकाची. साधं होकायंत्र घ्या आणि पोल पीसच्या वर पाच-सहा सेंटिमीटर धरा. सुईचं कोणतं टोक ओढलं जातं ते दोन्ही पिकअपवर बघा. अगदी टेकवू नका, तीव्र चुंबकाजवळ सुईचंच ध्रुवीकरण उलटतं आणि मग सगळंच चुकीचं दिसतं. मोबाईलमधलं कंपास अॅप या कामाचं नाही.

हे करून आकडे टाका. आणि ब्रिजचा पिकअप बाहेर काढून खालून कसा दिसतो तेही सांगा.

लो_एंड_धरमपेठ
निदान पटलं. तरी प्रीअँपबद्दल विचारलंच आहे तर लिहून ठेवतो, पुढे-मागे कोणाच्या कामी येईल.

माहितीपत्रकात बँड किती ते नंतर बघा, आधी बँड कुठे बसलेत ते बघा. ओबीपी-३ मध्ये बास ४० हर्ट्झला, मिड स्विचनं ४०० किंवा ८००, ट्रेबल ६.५ किलोहर्ट्झ. डार्कग्लासच्या टोन कॅप्सूलमध्ये बास ७० ला, मिड ५०० ला, वरचा मिड २.८ किलोहर्ट्झला आणि ट्रेबल नाहीच. खुल्या ई तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झ. मंडळाच्या स्टेजवर दहा इंची कॉम्बो असतो, तो ४० हर्ट्झ नीट देतच नाही. तिथे ४० चा नॉब फिरवला की कोन नुसता पुढेमागे हलतो आणि अँपची ताकद त्यातच जाते. तुम्ही लिहिलेली फडफड हीच. तशा सेटअपवर ७०-१०० च्या आसपास थोडं चढवलेलं जास्त ऐकू येतं.

ढोलक, ऑक्टोपॅड आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात या गर्दीत बेस ऐकू येतो तो मिडमुळे. ४०० ला थोडासा चढ दिला की कोणता स्वर वाजतोय ते गायकालाही कळतं. म्हणून स्टेजसाठी दोन बँडचा, फक्त वाढवणारा प्रीअँप मी सुचवणार नाही. घरी हेडफोनवर मात्र तोच गोड लागतो, आणि म्हणूनच लोक फसतात.

१८ व्होल्टबद्दल एक गैरसमज फार आहे. दोन बॅटऱ्यांनी आवाज वाढत नाही, सिग्नल कापला जाण्याआधीची जागा वाढते. १८ डेसिबल म्हणजे व्होल्टेज सुमारे ८ पट. बोटांनी वाजवताना पिकअपमधून ०.३ व्होल्ट निघाले तर ते २.४ होतात, ९ व्होल्टच्या बॅटरीत आरामात बसतात. स्लॅपमध्ये (अंगठ्यानं तार आपटून वाजवताना) १ व्होल्टचा फटका आला तर ८ व्होल्ट हवेत, आणि ९ व्होल्टची बॅटरी दोन्ही बाजूंना जेमतेम चार-चार देते. फटका कापला जातो, आवाज चरचरतो. नॉब माफक फिरवणाऱ्याला ९ पुरे. आणि १८ जोडण्याआधी तो प्रीअँप १८ झेलतो का हे कागदावर वाचा, सगळे झेलत नाहीत.

ईएमजीचं म्हणाल तर एकच ईएमजी आणि एक पॅसिव्ह पिकअप असा संसार थाटू नका. अॅक्टिव्हला २५ किलोओहमचे पॉट (नॉबखालचे कमी-जास्त होणारे रोध) लागतात, पॅसिव्हला २५०. २५ वर पॅसिव्हचा ट्रेबल मरतो. २५० वर अॅक्टिव्हचा व्हॉल्यूम दिव्याच्या बटणासारखा वागतो, थोडा फिरवला की एकदम गायब.

चारतारी
दोन्ही केलं. खोलीत ३९ अंश होते. प्लगवर नेक ७.२ आणि ब्रिज ८.० किलोओहम. स्क्रूड्रायव्हर उचलताना नेकचा आकडा वर, ब्रिजचा खाली. होकायंत्राचं एकच टोक दोन्हीकडे ओढलं जातंय.

ब्रिजचा पिकअप खालून: पोल पीसच्या दोन्ही बाजूंना दोन काळ्या सपाट पट्ट्या चिकटवलेल्या. नेकमध्ये तसं काही नाही, नुसते गोल दांडे.

सोल्डरगंध
म्हणजे चौथाच प्रकार. आणि तुमचं नशीब चांगलं, पैसे न घालवता सुटण्यासारखा आहे.

आधी आकड्यांचं. प्लगवर मोजताना दोन्ही व्हॉल्यूमचे पॉट पिकअपला समांतर येतात, २५०चे दोन म्हणजे १२५. त्यामुळे आकडा थोडा कमी दिसतो. तुमचा नेक खरा ७.६. त्यात तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यानं वाढतो. ३९ अंशांना मोजलेला ७.६ हा २० अंशांना ७.१ भरेल. कंपन्यांचे आकडे साधारण खोलीच्या तापमानाचे असतात, तेव्हा आपल्याकडे मे महिन्यात पिकअप मोजून "लिहिलंय ७.५ आणि निघाला ८.२, बनावट माल दिला" म्हणून दुकानदाराशी भांडू नका. दोन्ही पिकअप तब्येतीनं ठीक आहेत.

आता उपाय. ब्रिजच्या दोन वायरींची अदलाबदल केली तर खर्ज लगेच परत येईल, पण हमिंगही परत येईल, कारण चुंबक सारखेच राहिले. वायरी आहेत तशा ठेवा आणि ब्रिजचे चुंबक उलटे करा. आवाजाची दिशा उलटेल, गुंडाळीची नाही. जोडी जुळली.

काळ्या पट्ट्या म्हणजे सिरॅमिक चुंबक. मधले दांडे साधं लोखंड, म्हणून हे शक्य आहे. नेकचे गोल दांडे स्वतःच अल्निकोचे चुंबक आहेत. बऱ्याच पिकअपमध्ये तार थेट त्यांच्यावर गुंडाळलेली असते, दांडा ढकलला की तार तुटते. नेकला हात लावायचा नाही.

पद्धत अशी. तारा सैल करा, पिकअपचे चार स्क्रू काढा, वायर सोल्डरवरून तोडायची गरज नाही. बेसवर जुनं फडकं पसरा. दोन्ही पट्ट्यांच्या बाहेरच्या कडेला मार्करनं खूण करा. हेअर ड्रायरनं मिनिटभर गरम करा, गोंद मऊ होतो. मग प्लॅस्टिकचं जुनं एटीएम कार्ड खालून घालून पट्टी लांबीच्या दिशेनं सरकवा. उचकटू नका, सिरॅमिक काचेसारखं तुटतं. स्क्रूड्रायव्हर तर नकोच. बाजूला जी तार आहे ती ४२ गेजची असते, जाडी सुमारे ०.०६ मिलिमीटर, डोक्याच्या केसाइतकी. एक ओरखडा आणि पिकअप संपला.

पट्टी सुटली की लांब अक्षाभोवती अर्धी फिरवा. खूण आधी बाहेर होती, ती आता दांड्यांकडे आली पाहिजे. दोन्ही पट्ट्या फिरवायच्या. एकच फिरवली तर चुंबकीय क्षेत्र एका पट्टीतून निघून दुसरीत जाईल, वर तारेपर्यंत पोचणारच नाही आणि आवाज एकदम बसेल. एका वेळी एकच पट्टी काढा, नाहीतर दोन्ही एकमेकींवर आदळून टवका उडतो. होकायंत्रानं टोक बदलल्याची खात्री करा, मगच दोन थेंब गोंद लावा.

परत बसवताना खालचा फोम बघा. इथल्या उन्हाळ्यात त्याचा चुरा होतो आणि पिकअप खाली बसतो. नवा दाट फोम किंवा स्प्रिंग घाला. उंची शेवटच्या पडद्यावर तार दाबून मोजायची: ई तारेखाली ३ मिलिमीटर, जी खाली २.५. तिथून कानानं ठरवा. तारेच्या फार जवळ आणला तर चुंबक तारेलाच ओढतो आणि वरच्या पडद्यांवर स्वर डगमगतो.

बर्डीवाला
चुंबक फिरवून झाल्यावर उघडाच आहे तर कॅव्हिटीलाही (वायरिंगच्या खड्ड्याला) आतून टेप लावून घ्या. तांब्याची चिकट टेप घ्या, ज्याचा गोंदही वीज वाहतो ती. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) विचारताना हे सांगाच, साधी टेप दिली तर तुकड्या-तुकड्यांत जोडच होत नाही. तळ, भिंती आणि कंट्रोल प्लेटला टेकणारा काठ, सगळीकडे. तुकडे एकमेकांवर ५ मिलिमीटर चढवा आणि दोन टोकांमध्ये मीटर धरा, १ ओहमच्या आत यायला हवं. पिकअपच्या दोन्ही खड्ड्यांना वेगवेगळी अर्थ वायर लागते, हे हमखास विसरतं. जॅकच्या गरम (सिग्नलच्या) पत्तीसमोर टेपवर इन्सुलेशन टेप लावा, नाहीतर प्लग घातल्यावर पत्ती टेकते आणि बेस मुका होतो.

टेपनं चरचर जाते, ट्यूबलाइट-डिमरवाली. एकाच पिकअपची ५० हर्ट्झची हमिंग टेपनं जात नाही, ती चुंबकीय आहे. त्यामुळे "टेप लावली तरी गेली नाही" अशी तक्रार घेऊन येऊ नका.

पुढे प्रीअँप घ्यायचाच झाला तर हे ध्यानात ठेवा. प्रीअँपच्या आधी जो व्हॉल्यूम किंवा ब्लेंड (दोन पिकअपचं प्रमाण ठरवणारा नॉब) असेल तो २५० चा, प्रीअँपच्या नंतर असेल तो २५ चा. आशियाई पॉटवर ए म्हणजे लॉग, बी म्हणजे लिनिअर. शंका आली तर नॉब बरोबर मध्यावर ठेवून मोजा. २५० च्या लिनिअरमध्ये १२५ च्या आसपास येईल, लॉगमध्ये २५ ते ४०. स्वस्त बेसच्या प्लेटवरची भोकं लहान पॉटसाठी असतात, मोठ्या अमेरिकन पॉटला साडेनऊ मिलिमीटर लागतात. ड्रिलनं एकदम मोठं करू नका, प्लेट गरकन फिरते आणि बोटं सोलते. रीमरनं हळूहळू वाढवा.

जॅक स्टीरिओ. बॅटरीची काळी वायर मधल्या रिंगला, लाल प्रीअँपला, बाहेरची बॉडी अर्थला. मोनो प्लग घातला की रिंग आणि बॉडी जुळतात, बॅटरी चालू. उघडा जॅक घ्या, कोणती पत्ती कुठे टेकते ते डोळ्यांनी दिसतं. डबीसारख्या बंद जॅकमध्ये टिप-रिंगची अदलाबदल ठरलेली. बसवून झालं की बॅटरीची एक वायर सोडवून त्या जागी मध्ये मीटर मिलिअँपवर लावा. प्लग काढलेला असताना शून्य, घातल्यावर बहुतेकांत १ च्या आसपास किंवा कमी.

रात्रभर केबल राहिली आणि बॅटरी मेली, असं लोक म्हणतात ना? अल्कलाइन ९ व्होल्टमध्ये साधारण ५०० मिलिअँप-तास असतात. १ मिलिअँपनं ५०० तास, म्हणजे वीस दिवस. एका रात्रीत मेली तर ती आधीच मेलेली होती किंवा वायरिंगमध्ये गळती आहे. आणि बॅटरी अल्कलाइनच घ्या. उन्हाळ्यात स्वस्त कार्बन-झिंकवाली कॅव्हिटीत पाझरली की पॉटचे पाय हिरवे होतात.

खर्जप्रेमी
एवढं सगळं करण्यापेक्षा बाहेरचा प्रीअँप पेडल का नाही? लाकूड कापायला नको, बेस बदलला तरी पेडल सोबत येतो.

लो_एंड_धरमपेठ
इक्वलायझरपुरतं बोलाल तर बरोबर आहे, आणि या भाऊंना मीही आधी तेच सांगेन. पण बेसच्या आतल्या प्रीअँपचं एक काम पेडल करू शकत नाही, ते म्हणजे पहिल्या केबलच्या आधी सिग्नल सांभाळणं. जॅझ पिकअपचा इंडक्टन्स ४ हेन्री धरा, केबलची धारिता मीटरला १०० पिकोफॅरड आणि पिकअपची स्वतःची वगैरे १००. ६ मीटर केबलला एकूण ७०० होते आणि पिकअपचा शेवटचा उठाव ३ किलोहर्ट्झला येतो, त्यावर उतार. ३ मीटर केबलला तोच ४ किलोहर्ट्झला जातो. स्लॅपची चमक त्याच पट्ट्यात असते. म्हणून पेडल घेतलात तर बेस ते पेडल केबल ३ मीटरचीच ठेवा, पुढे कितीही लांब चालेल.

आणि लाकडाचं म्हणाल तर खरंच कठीण आहे. ९ व्होल्टची बॅटरी ४८.५ बाय २६.५ बाय १७.५ मिलिमीटर. जॅझच्या अरुंद कॅव्हिटीत पॉट आणि सर्किट बसवून तिला जागा उरत नाही, मागून डबी कोरावी लागते. पुठ्ठ्याचा एवढाच ठोकळा करून आधी आत ठेवून बघा. प्लेट बसली नाही तर विषय संपला.

चारतारी
चुंबक फिरवले, टेपही झाली. दोन्ही उघडल्यावर आता खर्ज पूर्ण आणि हमिंग नाही. प्रीअँप तूर्तास रद्द. सोल्डरगंध भाऊ, तुमचे उपकार.

एकच उरलंय. घरी कूलर चालू असताना चरचर येते, तार किंवा ब्रिज हातानं धरला की कमी होते. ब्रिजची वायर तुटली असेल का?

सोल्डरगंध
धरल्यावर कमी होते म्हणजे ब्रिजची वायर शाबूत आहे. तुटली असती तर धरून काही फरक पडला नसता, आणि जॅकवर गरम-अर्थ उलटे असते तर धरल्यावर वाढली असती.

पंख्या-कूलरचा रेग्युलेटर पूर्ण करा. चरचर कमी झाली तर दोष रेग्युलेटरचा, डिमरसारखा तो वीज कापून देतो. अँप दुसऱ्या भिंतीच्या प्लगवर घ्या आणि कूलरच्या मोटरपासून दोन-तीन मीटर लांब बसा. त्या प्लगची तिसरी पिन खरंच अर्थ आहे का हे मात्र वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या घरांत भोक असतं, मागे वायर नसते. अशा ठिकाणी एका हातात बेस आणि ओठ माइकला लागले की झटका बसतो.

एकदा नुसत्या नेकवर वाजवून बघा आणि खुली जी सोडा. ती ९८ हर्ट्झ, आणि मेन्सच्या हमिंगचा दुसरा भाग १०० हर्ट्झ. सेकंदाला दोन लाटा ऐकू आल्या तर तो ट्यूनिंगचा दोष नाही, जी पिळत बसू नका.